बाईकसाठी कॅमेरा: गोप्रो, ३६० का दोन लेन्सचा डॅशकॅम? बेळगाव-खानापूर-चोर्ला रस्त्यावर वापरून

बाईकला कॅमेरा लावायचाय, कुठला घेऊ, हा प्रश्न आमच्या रायडिंग ग्रुपवर कोण ना कोण विचारतच असतंय आणि उत्तर पण ठरलेलं, गोप्रो घे भावा. मला हे उत्तर अर्धवट वाटतंय म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण यात माणसाचे चाळीस-पंचेचाळीस हजार जातात आणि ज्या कामासाठी कॅमेरा घेतला ते काम तो करतच नाही, असं आजूबाजूला लै बघितलंय.

आधी एकच ठरवा. व्हिडिओ लोकांना दाखवायला पाहिजे, का उद्या काय झालं तर आपली बाजू मांडायला पाहिजे? चोर्ल्याचा पाऊस, आंबोलीचे धबधबे शूट करून यूट्यूबला टाकायचे असतील तर गोप्रोसारखा ॲक्शन कॅमेराच घ्या, त्याला तोड नाही. पण खानापूर, नंदगड, नाहीतर तिकडं हुक्केरी-संकेश्वरकडनं रोज बेळगावला कामाला ये-जा करणारा माणूस असाल तर माझं मत स्पष्ट आहे: दोन लेन्सचा, पुढं एक मागं एक, गाडीच्या बॅटरीला वायरिंग करून बसवलेला डॅशकॅम घ्या. आणि कंपनी-मॉडेल यावर जेवढा वेळ घालवता तेवढाच वेळ तो कुठं बसतोय, कशावर बसतोय आणि वायर कुठनं जातीय यावर घालवा.

आपल्याकडं हे जास्त का लागतंय ते सांगतो. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात, कितीतरी ट्रॉल्यांना मागं लाईट सोडा, रेडियमची पट्टी पण नसते. हायवे ४८ ला पुणे-बेंगळूरचा माल, तवंदीच्या घाटात उतारावर ब्रेक दाबत येणारे ट्रक, शनिवार-रविवारी गोव्याला पळणाऱ्या गाड्या. केए-२२ च्या शेजारी एमएच-०९ आणि जीए पासिंग. काय धक्का लागला की पाच मिनिटात पन्नास माणसं जमतात, निम्मी मराठीत बोलतात निम्मी कन्नडमध्ये आणि चूक कोणाची ते तिथंच ठरतंय, बहुतेक वेळा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूनं.

माझ्या बाबतीतच मच्छेजवळ एक पिकअप डाव्या बाजूच्या रस्त्यानं सरळ अंगावर आली, लेगगार्डला घासली, मी कसाबसा सावरलो. ड्रायव्हर उतरला तोच ओरडत, तुम्हीच राँग साईडनं आला, आणि पाठोपाठ त्याच्या ओळखीचे दोघं-तिघं आले. मी काय वाद घातला नाही, फोन काढला, कॅमेऱ्याच्या वायफायला जोडला आणि क्लिप त्याच्या समोर धरली. त्यात त्याची गाडी न थांबता, इंडिकेटर न देता मेन रोडला घुसताना साफ दिसत होती. त्यानं दोनदा बघितली, मग "होगली बिड्री" (जाऊ दे हो) म्हणून गाडीत बसला. लेगगार्ड सरळ करायचा खर्च त्याच्याबरोबरच्या एका वयस्कर काकांनी तिथल्या तिथं हातावर ठेवला. कॅमेऱ्याचं काम म्हणजे एवढंच आणि ते झालं.

आता एकेक प्रकार घेतो.

ॲक्शन कॅमेरे म्हणजे गोप्रो, डीजेआय ऑस्मो ॲक्शन, इन्स्टा३६० चे एस प्रो वगैरे. चित्राच्या बाबतीत हे सगळ्यात भारी, स्टॅबिलायझेशन तर असं की खड्ड्यातनं गेलं तरी व्हिडिओ गुळगुळीत. गोप्रो हिरो १२ आला २०२३ ला, त्यात त्यांनी जीपीएस काढून टाकलं होतं, २०२४ च्या हिरो १३ मध्ये परत आणलं, म्हणून जुना माल स्वस्तात मिळतोय म्हणून घेणार असाल आणि व्हिडिओवर स्पीड-नकाशा पाहिजे असेल तर हे बघून घ्या. डीजेआयच्या ॲक्शन ४ चा सेन्सर १/१.३ इंच, गोप्रोचा १/१.९, म्हणून तिन्हीसांजेला आणि रात्री डीजेआय मला उजवा वाटतो. पाण्याला पण तो केसशिवाय १८ मीटर खोलीपर्यंत चालतो असं कंपनी म्हणते, गोप्रो १० मीटर, पण आपण काय पाण्यात बुडी मारणार नाही, पावसाला दोन्ही पुरे. डीजेआयचा चुंबकाचा क्विक रिलीज लै सोयीचा, हातमोजे घातलेल्या हातानं पण निघतो-बसतो. वजन दोघांचं दीडशे ग्रॅमच्या आसपास. हेल्मेटच्या हनुवटीला लावला तर व्ह्यू एकदम झकास येतो, आपण जिकडं बघतो तिकडं कॅमेरा बघतो, पण ऐंशीच्या पुढं वारा लागला की मानेला ओढ जाणवते, लांब जायचं असेल तर हे धरून चला.

अडचण आहे ती बॅटरी आणि कार्डाची. हिरो १२ ची बॅटरी १७२० एमएएच, ४के ला सलग चालवलं तर तासा-दीड तासात खाली. बेळगाव ते पणजी चोर्ल्यानं बाईकवर तीन-साडेतीन तास धरा, म्हणजे दोन-तीन बॅटऱ्या खिशात पाहिजेत आणि कणकुंबीच्या धुक्यात थांबून ओल्या हातानं दार उघडून बॅटरी बदलायची. कार्डाचं गणित पण बघा, १०० एमबीपीएस बिटरेटनं एका तासाला ४५ जीबी लागतात. ६४ जीबीचं कार्ड सव्वा-दीड तासात भरलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दर वेळी आपण बटण दाबायला पाहिजे. सकाळी कामावर जायच्या गडबडीत हेल्मेट घालून, जॅकेटची चेन ओढून, कॅमेरा चालू करून, लाल लाईट लागला का बघून निघणारा माणूस पहिला आठवडाभर हे करतो, मग सोडून देतो. अपघात नेमका कॅमेरा बंद असतानाच होतो असं काही नाही, पण कॅमेरा बहुतेक वेळ बंदच असेल तर तेच होणार.

यूएसबी-सी नं गाडीच्या चार्जरला जोडून चालवता येतो, गोप्रोला त्यासाठी भोक असलेलं वेगळं दार मिळतंय, साधं दार उघडं ठेवून पावसात चालवायचं नाही. आणखी एक, सिग्नलला किंवा रेल्वे गेटला उन्हात उभं राहिलं की वारा लागत नाही, कॅमेरा तापतो आणि गरम झालो म्हणून बंद पडतो. टिळकवाडीच्या गेटला एप्रिल-मे मध्ये दुपारी उभं राहा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

३६० कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. इन्स्टा३६० चा एक्स३ हा ५.७के, एक्स४ हा ८के, काठीवर लावला की काठी व्हिडिओत दिसत नाही आणि नंतर घरी बसून पाहिजे त्या बाजूचं चित्र काढता येतंय. चोर्ल्याच्या वळणांवर याचा व्हिडिओ ड्रोननं काढल्यागत दिसतो, खरंच सुंदर. पण लेन्स दोन्ही बाजूला फुगीर, एक खडा उडाला की चरा. एक्स४ ला लेन्सचं कव्हर बदलता येतंय ही त्यांनी चांगली सुधारणा केली. एडिटिंगला वेळ लै जातो. पुराव्यासाठी म्हणाल तर उपयोग कमी, का ते पुढं येतंच.

नंबर प्लेट. सगळे जण फोरके, टू-के करत बसतात पण नंबर किती लांबून वाचता येईल याचा साधा हिशोब कोणी सांगत नाही. कॅमेरा किती पिक्सेलचा यापेक्षा ते पिक्सेल किती अंशात पसरलेत ते बघायचं. १०८०पी चित्र आडवं १९२० पिक्सेल, लेन्स १४० अंशाची असेल तर एका अंशाला साधारण १४ पिक्सेल येतात. मोटारीची लांब प्लेट ५०० मिलिमीटर, दहा मीटरवरनं ती पावणेतीन-तीन अंशात बसते, म्हणजे अख्ख्या प्लेटला चाळीसच पिक्सेल, एका अक्षराला चार. वाचता येत नाही, संपला विषय. तेच पाच मीटरवर आली की अक्षराला आठ पिक्सेल मिळतात, मग केए का एमएच ते कळतंय आणि आकडे पण लागतात. बाईकची मागची प्लेट तर २०० मिलिमीटरचीच, दोन ओळीत, तिला अजून जवळ यायला लागतंय. ४के घेतला की पिक्सेल डबल, म्हणून अंतर पण डबल होतंय. आणि ३६० चा ५.७के म्हणजे ऐकायला मोठा, पण ५७६० पिक्सेल पूर्ण ३६० अंशात वाटले जातात, अंशाला सोळाच, म्हणजे साध्या १०८०पी डॅशकॅमच्या जरा वर.

यातनं माझा निर्णय असा निघाला की पुढं ४के पाहिजे, कारण कट मारून पुढं पळणाऱ्याचा नंबर लांबून घ्यायला लागतो, आणि मागं १०८०पी पुरे, कारण मागनं ठोकणारा शेवटी अगदी जवळ येतोच. दोन्हीकडं ४के चे पैसे घालवायची गरज नाही.

रात्रीचं वेगळं आहे आणि इथं दुकानदार लै फेकतात. अंधारात कॅमेऱ्याचं शटर मंद होतंय, १/३० सेकंदाला आलं असं धरा. समोरची गाडी आणि आपण मिळून ताशी ६० नं एकमेकाकडं येत असलो तरी सेकंदाला साडेसोळा मीटर, म्हणजे एका फ्रेममध्ये अर्ध्या मीटरच्या वर सरकतंय. नंबर पुसट येणारच, कुठल्याही कंपनीचा सेन्सर असू दे. त्यात नवीन एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी प्लेटा चकाकतात, हेडलाईट पडला की पांढरा ठिपका दिसतो फक्त. सोनीचा स्टारव्हिस सेन्सर असलेला घ्या, फरक पडतोच, पण चमत्कार होत नाही. यावर मी एक सवय लावून घेतलीय आणि ती सगळ्यांना सांगतो: कोणी कट मारला, धडक दिली की त्याचा नंबर मोठ्यानं वाचायचा. डोळ्याला जे दिसतंय ते कॅमेऱ्याला दिसत नसतंय, पण आवाज रेकॉर्ड होतो. त्यासाठी माईक वेगळ्या वायरीवर येणारा सिस्टीम निवडा, म्हणजे तो हँडलजवळ मीटरच्या मागं वाऱ्याच्या आडोशाला बसवता येतो. डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डिंग करणारी डबी, तिच्यातच माईक असेल आणि डबी सीटखाली असेल तर फक्त इंजिन ऐकू येतंय.

आता बसवण्याचं काम. माझी गाडी सिंगल सिलिंडर ३५०, तिचा कंप सगळ्यांना माहितीय. सोबत जो प्लॅस्टिकचा क्लॅम्प आणि पातळ पत्र्याची पट्टी येते ती मी लावलीच नाही. उद्यमबागमध्ये फौंड्री आणि मशीन शॉपच्या रांगाच आहेत, तिथं गल्लीत एका लहान वर्कशॉपमध्ये एक मामा आहेत, त्यांना लेन्स दाखवली आणि पट्टी पाहिजे म्हटलं. त्यांनी कंपनीची पट्टी दोन बोटात धरून वाकवून बघितली आणि म्हणाले, "ही अशीच लावलासा तर वळणावरच तुटतंय बघा, कंप सगळा तितंच गोळा होतंय." मग ५ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी कापली, वळणाला कोपरा न ठेवता गोल वळवली, दोन भोकं पाडली आणि भोकात रबरी बुश घातले, बोल्ट रबरातनं जाईल असे, वर नायलॉक नट, म्हणजे कंपानं ढिला न होणारा. रबर लै मऊ घेऊ नका असं पण बजावलं, मऊ रबरावर लेन्स डुलत राहते आणि चित्र जेलीसारखं हलतंय. हे बघायला साधं आहे पण माझ्या सगळ्या सिस्टीममध्ये सगळ्यात मोलाची वस्तू तीच पट्टी. ज्यांच्या गावात असं वर्कशॉप नाही त्यांनी बेळगावला आलं की हे काम करून घ्या, इथं हात चांगले आहेत आणि पैसे वाजवी घेतात.

फोन हँडलला लावून शूट करायचा विचार असेल तर सोडा. ॲपलनंच २०२१ मध्ये सांगितलंय की मोठ्या इंजिनच्या बाईकचा कंप सतत लागला तर आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडू शकतो. डॅशकॅमच्या लेन्समध्ये हलणारा भागच नसतो म्हणून तो टिकतो.

पुढची लेन्स हेडलाईटच्या खाली, मडगार्डच्या वर, पण चाकाच्या रेषेत सरळ नको, जरा बाजूला. मागची नंबर प्लेटच्या वर, सीटच्या खाली. मागच्या लेन्सचा शत्रू म्हणजे आपलंच मागचं चाक. खानापूर-जांबोटीकडं तांबडी माती, गोकाक-बैलहोंगलकडं गेलं की काळी, पावसात दोन्ही लेन्सवर येऊन बसतात. काळी तर वाळली की खरवडून काढायला लागते आणि खरवडायची नाही, काचेवर चरे पडतात, पाण्यानं भिजवून मऊ फडक्यानं पुसायची. मडगार्डला खाली रबरी फडकी वाढवून घेतली की निम्मा त्रास कमी. आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचं रेटिंग) लिहिलेली लेन्स घ्या, पण वायरीचा जॉईंट किती वॉटरप्रूफ आहे तेही हातात घेऊन बघा, रबरी ओ-रिंग असलेला आटे फिरवायचा कनेक्टर पाहिजे. नुसता दाबून बसणारा असेल तर जून-जुलैच्या जांबोटीच्या पावसात तो टिकत नाही. प्रेशर वॉशरवाल्याला लेन्सकडं बार धरू नको म्हणून सांगायचंच.

वायरिंग. तीन वायरी येतात, कायम पॉझिटिव्ह, चावीचा पॉझिटिव्ह आणि अर्थ. चावी फिरवली की रेकॉर्डिंग चालू, बंद केली की थोड्या वेळानं बंद, आपल्याला काय करायला नको. यासाठीच मी याला ॲक्शन कॅमेऱ्याच्या वर ठेवतो. इन्शुलेशन सोलून पिळा मारून टेप गुंडाळणारा वायरमन असेल तर त्याच्याकडं जाऊ नका. कपलर किंवा सोल्डर करून हीट श्रिंक घालणारा बघा, फ्यूज बॅटरीच्या जवळच पाहिजे, आणि हँडलजवळनं जाणारी वायर हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघून मगच टायनं बांधायची, नाहीतर टाकी आणि चासीच्या मधे घासून कापली जाते.

पार्किंग मोडबद्दल नीट विचार करा. असा सिस्टीम साधारण ५ वॅट घेतो, म्हणजे १२ व्होल्टला ०.४ अँपिअर. रात्रभर दहा तास चालू राहिला की ४ अँपिअर-अवर गेले. ३५० च्या गाडीला ८ ची बॅटरी असते, तिची निम्मी गेली, आणि १०० सीसीच्या कम्युटर बाईकला तीन-चारचीच असते, ती सकाळी मेलेलीच मिळणार. माझ्या एका मित्राची दोनदा सकाळी अशी बंद पडली, सेल्फ नाही काही नाही, किक मारून मारून थकला. मी पार्किंग मोड कायम बंद ठेवलाय. ज्यांना पाहिजेच त्यांनी व्होल्टेज कट-ऑफ १२.२ च्या खाली ठेवू नये. आणि डीव्हीआरमध्ये लिथियम बॅटरी नको, सुपरकपॅसिटर असलेला घ्या, उन्हात सीटखाली आणि साईड पॅनेलमध्ये काय तापतंय ते सगळ्यांना माहितीय, लिथियम तिथं फुगते.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघायच्याच. एक म्हणजे जी-सेन्सर. धक्का बसला की ती फाईल लॉक करायची, पुसली जाऊ नये म्हणून, ही कल्पना चांगली, पण ती मोटारीसाठी ठरवलेली. आपल्या स्पीडब्रेकर आणि खड्ड्यांवर दर पाच मिनिटाला धक्का बसतोय, मग कार्ड लॉक केलेल्या फायलींनीच भरतंय आणि लूप, म्हणजे जुनं पुसून नवीन लिहायचं चक्र, नीट चालत नाही. सगळ्यात कमी संवेदनशीलतेवर ठेवा, आणि हँडलवर हातानं लॉक करायचं बटण येतंय ते अंगठ्याजवळ लावून घ्या. दुसरं म्हणजे वेळ. काही स्वस्त सिस्टीममध्ये टाईम झोन पूर्ण तासाचेच असतात, आपलं साडेपाच तासाचं घालताच येत नाही, म्हणून जीपीएस लावला की घड्याळ अर्धा तास चुकतंय. पुराव्याला नेणार आणि त्यावर वेळच चुकीची, मग समोरचा वकील तेच धरून बसणार. दुकानातच ५:३० घालून बघा. व्हिडिओवर स्पीड छापायचा का नाही हे आपलं आपण ठरवा, मी ठेवलाय, त्यामुळं मी पण लिमिटमध्येच चालवतो.

कार्ड हाय एन्ड्युरन्सचंच घ्या, डॅशकॅम कार्डावर सतत लिहीत-पुसत असतो, साधं कार्ड त्यानं लवकर मरतंय आणि मेलेलं कळत पण नाही. पुढचं-मागचं मिळून चाळीस एमबीपीएस धरले तर तासाला १८ जीबी, १२८ मध्ये सात तास, म्हणजे बेळगाव ते पुणे जेमतेम बसतंय. २५६ घेतलं की निवांत. बाजारात खोटी कार्डं लै आहेत, वर २५६ लिहिलेलं आत ३२, म्हणून घेतल्या घेतल्या कॉम्प्युटरला लावून एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रॅमनं पूर्ण भरून तपासा.

काय घडलंच तर पहिलं काम, चावी बंद करा, म्हणजे लूप पुढं जाऊन फाईल पुसणार नाही, आणि मूळ कार्ड काढून बाजूला ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या कॉपीला किंमत कमी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणं इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यायला लागतंय आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा, लिहायची असते. म्हणून फाईलचं नाव बदलायचं नाही, कापायची नाही, कन्व्हर्ट करायची नाही, जशी आहे तशी. हॅश काढायला दोन मिनिटं लागतात, वकिलांना सांगा, नाहीतर कॉलेजला जाणारं कुठलंही पोरगं काढून देईल.

हेल्मेटवर लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, केरळच्या मोटार वाहन विभागानं २०२२ मध्ये हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याला दंड आणि लायसन्सवर कारवाई होईल असं जाहीर केलं होतं, पडल्यावर तो धोक्याचा ठरतो म्हणून. तिकडं राईडला जाणार असाल तर विचार करून लावा, आणि कुठंही असलात तरी हेल्मेटला भोक पाडून कधीच लावू नका. आयएसआयच्या हेल्मेटचं कवच जसं टेस्ट झालंय तसंच राहायला पाहिजे. चिकट टेपवाला माउंट जोरात ओढला तर निघून येतो, आणि पडल्यावर तो निघूनच यायला पाहिजे.

बेळगावकरांसाठी खास. कॅम्पमधनं, मराठा लाईट इन्फंट्रीच्या बाजूनं, नाहीतर सांब्र्याला एअर फोर्सच्या कडेनं रोज जाणारे भरपूर आहेत. तिथं फोटो-शूटिंगला मनाईचे बोर्ड आहेत, ते मानायचे. हेल्मेटवरचा कॅमेरा तिथं बंद करून खिशात टाका. डॅशकॅमचं पण तेवढ्या पट्ट्यात रेकॉर्डिंग थांबवता येतंय, हँडलचं बटण दाबून धरलं की झालं, आणि तिथला व्हिडिओ कुठंही टाकायचा नाही. कोगनोळीला सीमेवर बंदोबस्त असला आणि पोलिसांनी विचारलं तर सरळ सांगायचं गाडीचा कॅमेरा आहे म्हणून, मला आजपर्यंत कोणी अडवलेलं नाही.

भीमगडच्या जंगलातनं संध्याकाळी येताना गवे रस्त्यावर उभे असतात. एकदा पूर्ण कळप शांतपणे रस्ता ओलांडताना माझ्या पुढच्या लेन्समध्ये आलाय, वळणावर मी लांबच थांबलो होतो. तो व्हिडिओ घरात सगळ्यांनी परत परत बघितला. पण चित्र म्हणून ते साधंच, तिथं गोप्रो असता तर गोष्टच वेगळी होती हे मान्य करायला पाहिजे. ज्यांना दोन्ही झेपतंय त्यांनी डॅशकॅम कायमचा लावून ॲक्शन कॅमेरा फक्त राईडला न्यावा.

मी लावलेल्या सिस्टीमचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तीच डबी, तीच लेन्स तीन-चार नावांनी विकली जाते, नाव बघून काय कळत नाही. बघायचं ते हे: पुढं ४के, मागं १०८०पी, सोनीचा सेन्सर, सुपरकपॅसिटर, आटे असलेले कनेक्टर, वेगळा माईक, जीपीएस, आणि भारतात बिल आणि वॉरंटी. हे सगळं पंधरा हजाराच्या आसपास बसतंय, पट्टी आणि वायरिंगला हजार-दीड हजार वेगळे धरा. शहरातल्या एका दुकानात मला बिल न देता दोन हजार कमी सांगितले होते, मी घेतलं नाही. पुढं मागची लेन्स आतनं धुक्यागत झाली तेव्हा बिल होतं म्हणूनच बदलून मिळाली, ती पण तीन आठवडे थांबून, चार वेळा फोन करून. सर्व्हिस ही या सगळ्या प्रकाराची खरी कमजोर बाजू आहे, बेळगावात मला कोणाचंच सेंटर सापडलं नाही, कुरिअरनं पाठवायला लागतंय.

स्प्लेंडर, प्लॅटिना, शाईनवाल्यांना एवढे पैसे घालायचे नसतील तर दोन्हीकडं १०८०पी चा साधा सिस्टीम सात-आठ हजारात येतोय, तो पण चालेल, फक्त पार्किंग मोड बंद ठेवा आणि कार्डात पैसे वाचवू नका. आणि पावसाळा संपला की दिवाळीच्या आधी एकदा सगळे कनेक्टर उघडून, ओ-रिंगला जरा सिलिकॉन ग्रीस लावून, पट्टीचे नट पान्यानं ओढून घ्या. उद्यमबागच्या त्या मामांकडं गेलात तर बुश पण बदलून देतात.